आगा मागणारा माणूस

राग आला की मी वस्तू देऊन टाकते. पद्माकरांची, म्हणजे माझ्या यजमानांची, ती रेकॉर्डही मी अशीच देऊन आले. कॉव्हेंट्रीतल्या आमच्या कोपऱ्यावरच्या चॅरिटी शॉपमध्ये, २००४ च्या मार्चमध्ये, भर दुपारी.

एका अमेरिकन कंट्री गायिकेची, तिचं नाव होण्याआधीची रेकॉर्ड. कंपनीनं तिच्याकडून सगळ्यांच्या तोंडी असलेली जुनी गाणी गाऊन घेतली होती. दर रविवारी हे पुढच्या खोलीत ती लावून बसायचे आणि मी स्वयंपाकघरात राबायची. जानेवारीतल्या एका रविवारी माझं डोकं फिरलं. "अहो, आवाज कमी करा," म्हटलं, तर हूं नाही की चूं नाही. मी त्या पुढच्या खोलीचं दार धाडकन लावून घेतलं. तासाभरानं चहा घेऊन गेले, तर ते खुर्चीतच गेले होते. रेकॉर्डची दुसरी बाजू संपून सुई नुसती खरखरत होती.

त्यांनी मला हाक मारली असेल का? मुलगा श्रीकांत डॉक्टर आहे. "आई, इट वॉज इन्स्टंट. बाबांना कळलंसुद्धा नसेल," तो म्हणाला. मी विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता.

तीन दिवसांनी दुकानातल्या मॉरीननं रेकॉर्ड परत केली. विकण्याआधी तिनं ती वाजवून पाहिली होती.

"लव्हली व्हॉइस," ती म्हणाली. "पण गाण्यांच्या मधे एक माणूस सारखा आगा मागतो."

आगा म्हणजे इथल्या मोठ्या घरांतली ती जाडजूड लोखंडी शेगडी. मी हसले. आणि घरी येताना अर्ध्या वाटेत थबकले. चाळीस वर्षांत यांनी मला 'सुलक्षणा' अशी हाक कधी मारलीच नव्हती.

घरी येऊन रेकॉर्ड लावली. पहिलं गाणं संपलं. खरखर... मग दमलेला आवाज.

"अगं..."

प्रत्येक गाण्यानंतर. "अगं... ए... अगं..." दर वेळी थोडा अधिक बारीक. मी रेकॉर्ड उलटली. त्या बाजूलाही तेच.

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. "रेकॉर्ड उलटायला उठता आलं, मग दार उघडायला काय झालं होतं तुम्हाला?" मी रिकाम्या खुर्चीवर ओरडले. दुसरी बाजू संपल्यावर प्लग काढला, दार धाडकन लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं.

त्याला उकळी फुटायच्या आत पुढच्या खोलीत गाणं सुरू झालं. पहिल्या बाजूचं, पहिलं. रेकॉर्ड तर मी उलटलीच नव्हती.

म्हणजे त्या दिवशीही ते उठले नव्हते.