इंजिनापुढचा झेंडा

डोंगरकडा गावाच्या अरुंद रस्त्यावर करुणाची स्कूटी एका ट्रॅक्टरमागे अडकली होती. ट्रॅक्टरला जोडलेला हळद शिजवायचा बॉयलर रस्ताभर डुलत चालला होता आणि तिची शाळा भरायची वेळ झाली होती. हॉर्न वाजवून थकल्यावर ती ओरडली, "अहो, बाजूला व्हा की जरा!"

ट्रॅक्टर थांबला. चालवणारा मान वळवून हसला.

"वाफेची गाडी हाय, मॅडम. घाई केली की रुसती."

करुणा चिडायची ती हसली. झालं, इथेच बाईसाहेबांची पंचाईत सुरू झाली.

कारण तिला खरंच एक वाफेची गाडी हवी होती. प्रवासी रेल्वेला सप्टेंबरात दोनशे वर्षं पूर्ण होत होती आणि शाळेच्या प्रदर्शनात तिला वाफेवर धावणारं छोटंसं इंजिन दाखवायचं होतं. हा ट्रॅक्टरवाला रुद्र हंगामात बॉयलर घेऊन शेतोशेती हळद शिजवायचा आणि एरवी वेल्डिंगचं दुकान चालवायचा. इंजिन करून द्यायला तो लगेच तयार झाला... जरा जास्तच लगेच.

मग पावसाळाभर शाळा सुटली की करुणा दुकानात. बाहेर रिमझिम, आत पत्रा कापायचा आवाज. तो काम करायचा, ती गोष्टी सांगायची.

"अमेरिकेत पहिल्या प्रवाशांच्या छत्र्या इंजिनाच्या ठिणग्यांनी पेटल्या होत्या."

"तरी बसले लोक?"

"बसले की."

"बराबर हाय," रुद्र खाली मान घालून म्हणाला. "शेजारी कोण बसलंय, त्याच्यावर असतंय."

करुणाचे कान तापले. तिने घाईघाईने इंग्लंडातल्या त्या पहिल्या गाडीची गोष्ट काढली. इंजिनापुढे घोड्यावर एक माणूस, हातात झेंडा, लोकांना वाटेतून हटवत चाललेला. पुढे चालकाने त्यालाच बाजूला व्हायची खूण केली आणि गाडी भरधाव सोडली.

"बिचारा," रुद्र म्हणाला. "वाट त्यानंच करून दिली की. प्रदर्शनात झेंडा मी धरतो, मॅडम. घोडं तेवढं मिळायचं न्हाई."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी इंजिन तयार झालं. रुद्रने हात पुसले.

"करुणा..." पहिल्यांदाच मॅडम नव्हतं. "मला तुमच्याशी लग्न करायचंय. आता काही बोलू नका. उद्या मला बाजूला करू नका, बस्स. शेवटपर्यंत झेंडा घेऊन पुढं चालू द्या. तेच तुमचं व्हय समजतो."

"आणि इतिहास?"

"एक दिवस चुकला इतिहास, तर काय बिघडतंय?"

तिचं मन तर केव्हाच व्हय म्हणून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मैदानात रूळ अंथरले. इंजिन फुसफुसायला लागलं, पोरं टाळ्या पिटायला लागली. झेंडा उंच धरून रुद्र पुढे निघाला, छाती अशी काढून की जणू खरंच घोड्यावर बसलाय. करुणा माईकवर सांगत होती... आणि तिला फाटकात बाबा दिसले. भीमराज, पांढरा शर्ट घालून, टक लावून बघत उभे. तिने त्यांना बोलावलंच नव्हतं!

 आत्याच्या संध्याने जातीबाहेर लग्न केलं तेव्हा आत्याने लेकीचं नाव घेणंच टाकलं होतं. रुद्रही जातीबाहेरचाच. आपले बाबाही तसलेच, हे तिने त्या क्षणी धरूनच टाकलं. विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

"आणि मग..." तिचा आवाज चिरकला. "मग चालकाने घोडेस्वाराला सांगितलं... बाजूला व्हा."

रुद्रने एकदा वळून पाहिलं. मग झेंडा गुंडाळला आणि बाजूला झाला. इंजिन त्याच्यासमोरून दिमाखात धावत गेलं. सगळ्यांनी मॅडमचं कौतुक केलं.

तो पुन्हा आला नाही. तिने कितीदा मेसेज लिहिला नि पुसला. आपण घर राखलं, अशी स्वतःची समजूत घालत राहिली.

फाल्गुनात एका सकाळी बाबा तोच पांढरा शर्ट घालून निघाले.

"कुठे, बाबा?"

"रुद्रच्या लग्नाला."

"तुम्ही... ओळखता त्याला?"

"प्रदर्शनाच्या आधी घरी आलता की, तुझा हात मागायला. मी म्हणलं, पोरीचं मन असंल तर माझी ना न्हाई. म्हणून तर शाळेत आलतो, तुमची जोडी बघायला. मंग तोच येऊन म्हणला, काका, तिचं मन न्हाई." बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "मी काहून जोर करू तुला?"

करुणाने आत जाऊन दार लावून घेतलं. बाबा कितीतरी वेळ काय झालं म्हणून विचारत होते.

काही दिवसांनी त्याच रस्त्यावर ट्रॅक्टर समोरून आला. बॉयलर कोमट होता, शिजल्या हळदीचा वास येत होता. रुद्रच्या मनगटावर लग्नातलं हळकुंड अजून बांधलेलं होतं.

"इंजिन बरं हाय?"

"कपाटात आहे."

"पाणी काढून ठेवलं ना? न्हाई तर गंजतंय."

"काढलं..." तिने स्कूटीची मूठ घट्ट धरली. "रुद्र, त्या दिवशी मी बाबांना बघून घाबरले. मला व्हय म्हणायचं होतं."

तो मनगटावरचं हळकुंड नुसतं फिरवत राहिला. डोळे मात्र भरून आले होते.

"तवाच म्हणायचं होतं," तो हळूच म्हणाला.

ट्रॅक्टरच्या मागून एसटीने हॉर्न दिला. रुद्रने ट्रॅक्टर सुरू केला.

"बाजूला व्हा, मॅडम. मागं गाडी हाय."

करुणाने स्कूटी रस्त्याच्या खाली घेतली.