धक्क्यावरल्या माणसाचे डोळे

सेतुमाधवाला त्या दिवशी एक चित्र ओरत्तनाडूला पोचवायचं होतं. काम एवढंच. तंजावरहून ओरत्तनाडू काही काशी नव्हे. बसनं तासाभराचा रस्ता, दोहीकडे भात आणि नारळ. पण त्या दिवशी बसच नव्हत्या.

"कां नव्हत्या, मामा?" विनुतानं विचारलं.

"सांगतों कीं. तोंड मिटून बस ना गे जरा," कृष्णस्वामी मामा म्हणाले.

जेवणं झाली होती. गल्लीतली वीज गेलेली. घराबाहेरच्या ओट्यावर, म्हणजे आपल्या तिण्णैवर, मामा खांबाला पाठ लावून बसले होते. सगळी उमर बसची तिकिटं फाडण्यात गेलेला माणूस. समोर दोघी भाच्या. थोरली कीर्तना कुंभकोणला चित्रकला शिकते. धाकटी विनुता, तिला मराठी सगळं कळतं, पण बोलायला तोंड उघडलं की निम्मं तमिळ बाहेर पडतं. भुताची गोष्ट तिनंच मागितली होती. आणि मागून आता बहिणीला चिकटून बसली होती.

"भूत मी पाहिलेलं नाही," मामा म्हणाले. "पण सेतुमाधव माझा जिवाचा सोबती. त्याला खोटं बोलायला येतच नव्हतं. आलं असतं तर चार पैसे कमावले असते."

रात्र कुठली? गजा वादळ आलं तीच. दोन हजार अठरा, नोव्हेंबरची पंधरा तारीख, गुरुवार. दुपारपासून रिक्षा फिरवून ओरडत होते, घराबाहेर पडू नका. बसगाड्या सगळ्या डेपोत. आणि हा बाहेर पडला. कां, ते ऐका.

सेतुमाधव तंजावरी चित्रं करायचा. फळीवर कापड, कापडावर खडूचा लेप, त्यावर सोन्याचा वर्ख, खडे. राम, बाळकृष्ण, लक्ष्मी. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. चारी भिंतींवरून देव बघायचे त्याच्याकडे. पण देव बघतो ते वेगळं आणि माणूस बघतो ते वेगळं. जेवलास का, म्हणून देव विचारत नाही.

या चित्रांत डोळे शेवटी काढतात. बाकी सगळं झालं, सोनं झालं, मग डोळे. त्याच्या घरची रीत अशी होती: डोळे उघडले की चित्रावर नवं वस्त्र टाकायचं. ज्याच्या घरी जायचं त्याच्यासमोरच ते काढायचं. चित्रातल्या देवाची पहिली नजर घरधन्यावर पडली पाहिजे. आणि उघडलेले डोळे रात्रभर वस्त्राखाली कोंडायचे नाहीत. त्याच दिवशी पोचवायचं, दिव्यासमोर ठेवायचं. याच्या आजानं पाळलं, बापानं पाळलं, यानंही पाळलं.

तर ओरत्तनाडूच्या अंबुजाबाई एक दिवस त्याच्याकडे आल्या. आपल्यातल्याच, तंजावरी मराठी. नवरा नाही. एकुलता एक मुलगा भरद्वाज मालवाहू जहाजावर कामाला. दोन वर्षांमागं तो परदेशातल्या कुठल्याशा बंदरात उतरला आणि परत जहाजावर चढलाच नाही. जहाजवाल्यांनी फोन करून तेवढं सांगितलं आणि हात झटकले. उतरला त्याच गावाहून भरद्वाजानं आईला एक चित्र पाठवलं होतं, कापडावर छापलेलं, नळीत गुंडाळून. त्यानंतर काही नाही.

तेच चित्र बाईंनी सेतुमाधवापुढं उलगडलं.

बंदर होतं. पण कसलं बंदर! आकाश पिवळंहिरवं, सडल्यासारखं. पाणी काळं, त्यात लाल ओरखडे. डोलकाठ्या तिरक्या, गोदामं तिरकी, सगळं एकमेकांपासून तोंड फिरवून उभं. आणि धक्क्याच्या टोकाला एक माणूस. लांबोडका, हात लोंबते. तोंडाच्या जागी नुसता फिकट फराटा.

"आकाश हिरवं?" सेतुमाधव म्हणाला.

"मला काय विचारता? मी काढलंय?"

"आणि याला तोंड नाही."

"म्हणूनच आणलंय. डोळे काढा त्याला."

"बाई, दुसऱ्याच्या चित्राला हात कसा लावू? मी देवाचं काम करणारा."

"देवाला तुम्ही एवढाले डोळे काढलेत," अंबुजाबाई कडाडल्या, "त्यांना माझा मुलगा दिसला का? नाही ना? मग एका माणसाला काढा. हा माझा भरद्वाज आहे. डोळेच नाहीत, तर त्याला घर दिसणार कसं?"

त्यानं चित्र ठेवून घेतलं. वेड्या माणसाशी भांडता येतं, आईशी नाही.

"मामा," कीर्तना मध्येच म्हणाली, "ते एक्स्प्रेशनिस्ट चित्र असणार. आमच्या सरांनी दाखवलींत तसलीं. ते लोक दिसतं तसं काढीत नाहीत. छातीत जे होतं तें काढतात. तोंड नाही तें मुद्दाम. त्या बंदरात कोणी कोणाला बघतच नाही, तेंच तर चित्र. अय्यो, त्याला डोळे काढले? चित्र बिघडवलं कीं!"

"तू तेव्हा शाळेत होतीस," मामा म्हणाले. "नाहीतर जाऊन सांगितलं असतंस. त्याला कोणी सांगणारं नव्हतं."

सेतुमाधवानं चित्र फळीवर चिकटवलं, चौकट केली. पण डोळे काढायला हात धजेना. चित्र भिंतीला टेकून राहिलं. तो मला म्हणाला, कृष्णस्वामी, हें घरात आल्यापासून घरातलं एक माणूस कमी झाल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, अरे, तुझ्या घरात माणूस आहेच एक. म्हणाला, तेंच. मी हसलो. तो हसला नाही. जेवायला बसला की घास फिरायचा. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायचा, आणि मग त्या धक्क्यावरल्याचीच दया येऊन परत वळवायचा.

पंधरा तारखेला भरद्वाजाचं जन्मनक्षत्र होतं. बाईंनी तोच दिवस धरला होता. सकाळी सेतुमाधवानं स्नान केलं, बारीक कुंचला घेतला आणि त्या फराट्यात डोळे उघडले. त्याला एकाच तऱ्हेचे डोळे येत होते. लांब, टपोरे, समोरच्याकडे सरळ बघणारे. तेच काढले. घरच्या रीतीनं बाजूला बसून, त्या डोळ्यांच्या नजरेत न येता. लगेच नवी वेष्टी, म्हणजे कोरं धोतर, वर टाकली.

तो म्हणायचा, मी त्या दिवशी एक मोठी चूक केली. ज्याला डोळे नाहीत, त्याला आपण एकटे आहों हें दिसत नाही. मी त्याला तें दाखवलं.

मग वादळाची दवंडी. बस नाही. दिवस मावळला. चित्र घरात, डोळे उघडलेले, वस्त्राखाली. बाईंचा फोन आला. "येताय ना? पानं मांडलीत मी. दोन." बस्स, एवढंच बोलल्या.

त्यानं आपली टीव्हीएस फिफ्टी मोपेड काढली. चित्र मागच्या कॅरियरवर उभं ठेवलं आणि काथ्यानं आवळलं. वाऱ्यानं पुढून मार लागू नये म्हणून चित्राचं तोंड आपल्या पाठीकडे केलं. वर वेष्टी घट्ट. आणि निघाला.

गाव सुटेपर्यंत ठीक होतं. नुसती बुरबुर. वारा पडलेला. वादळाआधी पडतो तसा. रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेतात पाणी भरलेलं, त्यात अंधार. वाटेत फांद्या पडल्या होत्या, त्या हटवायला उतरावं लागे. वेळ गेला. पुढं वारा सुटला. मागं काही तरी फडफडलं. मग फडफडायचं थांबलं.

त्यानं वळून पाहिलं नाही. दोरी बांधली आहे, म्हणाला, जाईल कुठं.

थोडं पुढं गेल्यावर गाडी जड झाली.

चढ नव्हता. हवा कमी नव्हती. मागं कोणी बसलं की गाडी कशी दबते... तशी.

आणि वास आला. डांबराचा. गंजक्या लोखंडाचा. खाऱ्या पाण्याचा. समुद्र तिथून कुठल्या कुठं.

मग खांद्यांवर काही टेकलं.

दोन्ही खांद्यांवर.

चौकट सरकली, असं त्यानं मनाला सांगितलं. एक हात मागं नेला. चौकट जागच्या जागी होती. त्याच्या पाठीपासून वीतभर दूर. वस्त्र... नव्हतं.

"अम्मा..." विनुता म्हणाली.

मामा थांबले.  मग पुढं सांगू लागले.

कालव्याच्या पुलाशी एक पोलीस उभा होता. टॉर्च दाखवून त्यानं गाडी अडवली. "काय सार, एवढ्या वाऱ्यात? वर एवढी मोठी फळी, वर दोघं दोघं? एकाला उतरवा आधी."

"मी एकटाच आहे," सेतुमाधव म्हणाला.

पोलिसानं टॉर्च मागं फिरवली. धरली. मग खाली केली.  बाजूला झाला आणि हातानंच म्हणाला, जा. जा.

तिथून पुढं सेतुमाधवाला भीती वाटेनाशी झाली, असं तो म्हणायचा. यावर माझा विश्वास आहे. बायको गेल्यापासून त्याच्या खांद्यावर कोणाचा हात पडला नव्हता. हात गार होते. ओले होते. पण हात होते. तो बोलू लागला. "भरद्वाजा, घाबरू नको बाळा. आलंच घर. आई वाट बघतेय." खांद्यांवरली बोटं... आवळली.

अंबुजाबाईंनी दार उघडलं. हातात दिवा. मागं दोन पानं मांडलेली, दोन्ही कोरी. त्यांची नजर आधी चित्रावर गेली.

"वस्त्र कुठंय?"

तो काथ्या सोडू लागला.

"सेतुमाधवराव, वस्त्र कुठंय?"

"उडालं."

"मग त्यानं पहिलं कोणाला पाहिलं?"

 त्यानं नुसती पाठ फिरवून दाखवली.

बाई रडल्या नाहीत. चित्र आत घेतलं, देवापाशी टेकवलं, दिवा समोर धरला. समोर बसल्या. डाव्या बाजूला सरकल्या. उजव्या बाजूला सरकल्या. ते डोळे त्यांच्याकडे बघेनात. त्यांच्या डोक्यावरून, दाराशी उभ्या सेतुमाधवाकडे बघत होते. सरळ समोर बघणारे डोळे त्यानं काढलेले, आणि ते असे बघत होते.

"दोन वर्षं," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं मी दाराला कडी लावली नाही. आणि तो आला तर तुमचा होऊन आला?" मग उठल्या. "सांगा त्याला. तुमचं ऐकेल तो. सांगा, ही तुझी आई."

"बाई..."

"सांगा!"

सेतुमाधव खांबाला टेकला. दोन्ही हातांनी खांब धरला. म्हणाला, "भरद्वाजा. ही आई. इकडं बघ."

तेवढ्यात वादळ आलं. येतं तसं आलं. कौलं उडाली, नारळ मोडण्याचे आवाज, एकामागून एक, बंदुकीसारखे. दिवा गेला.

अंधार.

बराच वेळ नुसता वारा.

मग अंधारातून बाईंचा आवाज आला. हळू. इतका हळू आवाज त्या बाईचा त्यानं कधी ऐकला नव्हता.

"किती गार पडलाय रे हात तुझा..."

सेतुमाधवाचे दोन्ही हात खांबाला होते.

तो हलला नाही. बाई बोलत राहिल्या. मध्ये थांबायच्या, उत्तर ऐकल्यासारख्या. पुन्हा बोलायच्या. जेवलास का, म्हणाल्या. आणि हें ऐकताना सेतुमाधवाच्या उजव्या खांद्यावर काही नव्हतं. तिथला हात गेला होता.

डाव्या खांद्यावरचा... तसाच होता. पहाटेपर्यंत.

उजाडलं तेव्हा वारा गेलेला. बाहेर एक नारळ उभा नव्हता. आत अंबुजाबाई चित्राखाली भिंतीला टेकून झोपल्या होत्या. उजवी मूठ अर्धी मिटलेली, कोणाचा तरी हात धरावा तशी. सेतुमाधवानं त्यांना उठवलं नाही. चित्राकडेही पाहिलं नाही. पडलेल्या झाडांतून गाडी ढकलीत घरी आला. पुढं बाईंनी कोणाला भरद्वाजाची चौकशी करायला सांगितलं नाही. कधीच.

मामा थांबले. गल्लीत अंधारच होता.

"मग तो?" कीर्तनानं विचारलं. "सेतुमाधवमामा?"

"तो काय. जगला. चित्रं केली. जेवायला बसताना दोन पानं मांडायचा. मी एकदा रागावलो, काय रे हें? म्हणाला, कृष्णस्वामी, अर्धाच परत गेला बघ तो. अर्धा माझ्याकडे. यंदा पंगुनी महिन्यात, चैत्राच्या सुमाराला, वारला. त्याचं सामान मलाच आवरावं लागलं."

"म्हणजे सगळं त्याच्या मनाचंच," कीर्तना म्हणाली. शहाणी आहे ती. "एकटा माणूस. वर तसलं चित्र. होतं असं."

मामांनी वाद घातला नाही. उठले. टॉर्च घेऊन आत गेले. परत आले ते हातात एक पांढरा सदरा घेऊन. जुना, धुऊन धुऊन विरलेला.

"त्या रात्री अंगात हा होता. तीनदा धुतला त्यानं. मग धुवायचा सोडला."

कीर्तनानं टॉर्च धरली. उजवा खांदा कोरा. डाव्या खांद्यावर मिठासारखा पांढरट डाग. पुढून चार बोटं. मागून अंगठा.

 विनुता आतापर्यंत कीर्तनाच्या मागं लपली होती. तिनं हळूच बोट पुढं केलं आणि डागाला लावलं. लावलं आणि ओढून घेतलं.

"मामा... हा आज धुतला का तुम्ही?"

"नाही. तो गेल्यापासून पेटीतच आहे."

"ओला आहे."

मामांनी सदरा हातात घेतला. डाव्या खांद्यावर बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग त्याची घडी घातली नाही, आत नेऊन ठेवला नाही. तसाच आपल्या मांडीवर पसरला, आणि त्यावर हात ठेवून बसून राहिले.