काठीची सावली

सांगलीहून कडेगावला येणारी एस.टी. वळणावर कलली... आणि शेजारच्या माणसाच्या हातातल्या किल्ल्या माझ्या पिशवीला येऊन चिकटल्या. सुटेचनात.

"पिशवीत काय आहे हो बाई?"

"लोहचुंबक. शाळेचे आहेत."

"बरं झालं. मला वाटलं, माझीच नियत फिरली."

मी खिडकीबाहेर बघितलं. ऊस तुऱ्यावर आला होता... आणि हसू काही आवरेना.

दुसऱ्या दिवशी कळलं — आमच्या मुस्लिम हायस्कूलचे दीनियातचे, म्हणजे धर्मशिक्षणाचे, नवे सर हेच. दस्तगीर मुजावर. मी जुबेदा मणेर, विज्ञानाची. हेडसरांनी नवी टूम काढली होती : शनिवारी दोघांनी मिळून एक तास घ्यायचा. पहिला विषय दिशा.

नमाजच्या खोलीत सरांनी किब्ल्याची, म्हणजे काब्याच्या दिशेची, रेघ खडूने आखली होती. मी टेबलावर पिशवी ठेवली, शेजारी होकायंत्र. काटा भलतीकडेच!

"सर, तुमची रेघ चुकली," मी नववीसमोर ठसक्यात म्हणाले. "नुसत्या श्रद्धेने दिशा कळत नसते."

पोरं खिदळली. सरांचे कान लाल झाले. एकदा त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं... आणि खडू खिशात टाकला. मी सतरंजी फिरवायला लावली आणि ऐटीत घरी गेले.

सोमवारी सतरंजी पुन्हा जुन्या रेघेवर! मी शिपाई हरिबाला विचारलं.

"सरांनीच फिरवली, बाई. तुमी गेल्यावर, नमाजच्या आधी. पोरांनी लय इचारलं, कोण चुकलं म्हून. सर म्हणाले, बाई सोताच सांगतील."

मी पिशवीकडे बघितलं. प्रयोगशाळेला कुलूप नव्हतं, म्हणून चुंबक रोज त्यातच... पायांखालची फरशी तापल्यासारखी झाली. आठवडाभर त्यांच्या वाटेवरून गेले नाही. जेवणाचा डबासुद्धा वर्गातच उघडला. मी गप्प राहिले असते तर सर कधीच बोलले नसते. तेच टोचत होतं.

शनिवारी पिशवी टेबलावर ठेवली — काटा ढळला. उचलली — काटा परतला.

"चूक सरांची नव्हती," मी म्हणाले, "माझी होती. न तपासता हसले मी त्यांना."

सर हळूच म्हणाले, "आज बाईंनी दोन्ही विषय शिकवले."

शाळा सुटल्यावर स्टँडवर सर उभे.

"पिशवीत चुंबक आहेत हे माहीत होतं तुम्हाला. तेव्हाच का नाही बोललात?"

"पोरं तुमच्यावर हसली असती... मला सोसलं नसतं."

मान वर होईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं, "रेघ कशी आखली होती?"

"गावातल्या मशिदीवरून. पण अठ्ठावीस मेला, दुपारी पावणेतीनच्या सुमारास सूर्य बरोबर काब्याच्या डोक्यावर येतो. काठी उभी करायची. सावलीच्या उलट दिशेला किब्ला." ते घुटमळले. "यंदा ताळा करायचाय. काठी धरायला... कुणी तरी हवं."

"मी धरीन. पिशवी घरी ठेवून येते."

"आणा की. सावलीला लोहचुंबकाचं काय?"

एस.टी. लागली. मी पायरीवरूनच म्हणाले, "मग तुम्हीही किल्ल्या विसरू नका."