काखेतला ऊस

"माझ्या नवऱ्याला माझ्या भावानं जाळलं का, एवढंच मला शोधून द्या," मिलाग्रोस म्हणाली. "जाळलं असेल तर तसं सांगा. पण पोलीस म्हणतात म्हणून मी मानणार नाही."

मिस एडिथ कॅरोनं तिच्यापुढे चहा सरकवला. तिनं कपाला हात लावला नाही. दाराशी उभ्या लेन हॉब्लीला तिच्याकडे बघवेना. लेन मिस कॅरोची गाडी चालवायचा. बायको गेल्यापासून त्याला घरी बसवत नसे, म्हणून तिच्या चौकशांत पडेल ते काम करायचा.

हकीकत थोडी होती. ऑस्ट्रेलियातल्या होम हिल गावाबाहेर तिघांचे ऊस लागून होते. एक मिलाग्रोसच्या भावाचा, चोमिनचा. दुसरा तिच्या सासऱ्यांचा, एलादिओंचा. तिसरा रॉय टिंडलचा. सोमवारी दुपारी तिचा नवरा फेर्मीन आणि चोमिन यांचं पाण्याच्या पंपावरून भांडण झालं. फेर्मीन पिऊन घराबाहेर पडला. टाउन्सव्हिल शहरात गेला असेल असं सगळ्यांनी धरलं, तो असा जायचाच. बुधवारी संध्याकाळी चोमिननं तोडणीआधी पाचट जाळायला, तिथल्या रीतीप्रमाणे, आपला फड पेटवला. गुरुवारी सकाळी तोडणीच्या टोळीला त्याच फडात फेर्मीनचं प्रेत सापडलं आणि पोलिसांनी चोमिनला धरलं.

"डॉक्टर काय म्हणाले? कधी गेला तो?" मिस कॅरोनं विचारलं.

"जळालेल्या अंगावरून सांगता येत नाही म्हणाले. चोमिनला जन्मठेप होईल, बाई. मला आता तेवढाच उरलाय."

सार्जंट पर्व्हिसनं पोलीस ठाण्यामागची शेड उघडून दिली.

"आखडलेल्या हाताखाली, काखेत, हा एक ऊस अडकला होता. डॉक्टरनं कसाबसा काढला. आणि हे दोन प्रेताशेजारी उभे होते. कोर्टात दाखवायला मीच त्या दिवशी कापून आणले. तिन्ही तेव्हापासून इथंच आहेत."

मिस कॅरोनं काखेतला ऊस फिरवून बघितला. हिरवट-पिवळी साल, वरून काजळी. बुडखा कोयत्याच्या एका घावात तिरका छाटलेला.

"हा घाव तुमचा?"

"नाही. असाच होता."

"त्या फडात तोड सुरू झाली होती?"

"कोयता लागायचा होता. पण बाई, उसाच्या फडात ऊस सापडला तर त्यात काय एवढं?"

"तेच तर," मिस कॅरो म्हणाली.

कोठडीत चोमिन गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"पेटवण्याआधी मी फडाला पुरी फेरी मारली. हाका मारल्या. आत कुणाचं पोर असतं, कुत्रं असतं. हाका मारल्याशिवाय आमच्यात कुणी काडी ओढत नाही."

"आणि भांडण?"

"मेहुण्याशी नाही भांडायचं तर कुणाशी भांडायचं?" तो म्हणाला आणि त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

टिंडल ओसरीवर बिअर पीत होता. त्याच्यामागे त्याचा ऊस उभा होता, तांबड्या सालीचा.

"हाका? बुधवारी गाढवासारखा ओरडत होता चोमिन. माझी म्हातारी कुत्रीसुद्धा उठून बसली."

"फेर्मीनशी तुमचं पटत होतं?"

"छे! पण न पटणारी माणसं मरायला लागली तर या गावात मी एकटाच उरेन."

"एलादिओ आणि चोमिन, दोघांचा ऊस एकच दिसतो."

"एकाच बेण्याचा. बहिणीच्या लग्नात चोमिननं दिलं ना! बाकी तो म्हातारा आता चळलाय हं. सोमवारी संध्याकाळी त्यानं फड पेटवला. मंगळवारी टोळी येते तो काय, पहिल्या ओळी यानंच तोडून ठेवलेल्या! पंचाहत्तरीचा गडी! टोळीनं आईमाईवरून शिव्या घातल्या. फडाला पहिला कोयता टोळीचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"सोमवारी एलादिओंनी हाका मारल्या होत्या?"

टिंडलनं बिअर खाली ठेवली. "मी इथंच बसलो होतो. मला नाही ऐकू आल्या."

एलादिओ मात्र फारसे बोलले नाहीत.

"चोमिननं नाही मारलं," एवढंच म्हणाले.

"कशावरून?"

"तो तसा नाही."

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मिस कॅरोनं पूर्वी नोकरी केली होती. तिथे तिनं काखेतल्या उसाचा आणि शेजारच्या उसाचा रस वेगवेगळा काढला.

"लेन, चाखून बघ."

"दोन्ही गोड. काही फरक नाही."

तिनं रस गाळून, निवळून लांब नळ्यांत भरले आणि एकेक नळी यंत्रात ठेवून डोळा लावला. पुन्हा बघितलं. मग चष्मा पुसला.

"चोमिन सुटला का?" लेननं विचारलं.

"सुटला. गाडी काढ. आणि सार्जंटला बरोबर घेऊ."

एलादिओंच्या स्वयंपाकघरात सगळे बसले. मिस कॅरो मिलाग्रोसकडे बघून बोलू लागली.

"साखरेच्या कणाला डावं-उजवं असतं. बुटांसारखं. कातडं तेच, शिवण तीच, पण डावा बूट उजव्या पायात जात नाही. आणि झाड साखर करतं तेव्हा जोड करत नाही, एकाच पायाचे बूट करतं. म्हणून रसातून एका पातळीतला प्रकाश सोडला की तो एका बाजूला वळतो. उसाची साखर त्याला उजवीकडे वळवते. कारखाना उसाची प्रत त्यावरूनच ठरवतो."

"याचा खुनाशी काय संबंध?" सार्जंट म्हणाला.

"ऊस जळाला, तुटला की ती साखर फुटू लागते. एकीच्या दोन होतात. दोन्ही गोडच, जिभेला पत्ता लागत नाही. पण त्यातली एक प्रकाशाला जोरानं डावीकडे ओढते. ऊस जितका शिळा, तितकं उजवं वळण कमी. तुमच्या शेडमध्ये तिन्ही ऊस सारखेच दिवस पडले होते. तरी काखेतल्या उसाचं वळण खूप कमी भरलं. म्हणजे तो आधीच शिळा होता. बुधवारच्या आगीतला नाहीच."

"मग प्रेतही..."

"प्रेतही त्या आगीतलं नाही. फेर्मीन पिऊन दुसऱ्याच फडात पडला होता, तिथं जळाला आणि काखेतल्या उसासकट चोमिनच्या फडात आणून ठेवला गेला. टिंडलचा ऊस तांबडा. या बेण्याचा, आधी पेटलेला फड एकच."

मिलाग्रोस हळूहळू सासऱ्यांकडे वळली.

"तुमच्या फडात प्रेत पडलं होतं ती जागा टोळीला दिसू नये म्हणून पहिल्या ओळी तुम्हीच तोडल्यात," मिस कॅरो म्हणाली. "एक मात्र मला कळलं नाही. तो ऊस नुसता बुडख्याला छाटलात. ओढून का नाही काढलात?"

"ओढला असता तर हात निखळला असता," एलादिओ म्हणाले. "पोराचा हात होता तो."



"बाबा," मिलाग्रोस म्हणाली, "सोमवारी हाका मारल्या होत्यात?"

"वारा पडला होता. एकटाच होतो. फेरी मारेपर्यंत अंधार झाला असता. म्हटलं, आत कोण असणार? दोन दिवस माझ्या शेडमध्ये ठेवला त्याला. मग चोमिनचा फड पेटलेला दिसला. आग विझल्यावर रात्री तिथं नेऊन ठेवला. वाटलं, अपघात म्हणतील, कुणाच्याच माथी येणार नाही. चोमिनला नेतील असं नव्हतं वाटलं."

"नेलं तेव्हा का नाही बोललात?"

"तू रोज ताट घेऊन माझ्यापुढे बसायचीस. माझ्या पोराची बायको. तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

सार्जंट टोपी हातात घेऊन उठला.

"यांना न्यावं लागेल," सार्जंट म्हणाला.

"न्या," मिलाग्रोस म्हणाली. "पण आधी चोमिनला सोडा. तो बाहेर पडला की मग यांना आत घ्या. दोघांची गाठ पडू देऊ नका."

मग ती उठली, सासऱ्यांचा कोट आणला आणि त्यांचे हात एकेक करून बाह्यांत घातले.