पंधरा फरश्या

सोमवारी सकाळी धाकटी कुत्रा आणायला निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत एक नवा पट्टा, जुना टॉवेल, उकडलेल्या चिकनच्या बारीक तुकड्यांचा डबा आणि एक कोरी वही होती. शेल्टरच्या मावशींनी वहीकडे बघितलं आणि हसल्या.

"कुत्रा पाळणार की त्याला शाळेत घालणार, ताई?"

"पाळणार नाही, मावशी. चांगलं घर मिळेपर्यंत सांभाळणार. आणि हो, शाळेतही घालणार."

धाकटी पाच वर्षं लांब राहून प्राण्यांचं वर्तन शिकून आली होती. आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं तशी ती परत आली, आणि आता परत जायचं नाही असं तिने मनोमन ठरवून टाकलं होतं. इथे कुत्रा भुंकला की लोक चप्पल उचलतात. साखळी, काठी, कोंडून ठेवणं, एवढंच त्यांना ठाऊक. हे बदलता येतं, एकेका घरात, एकेका कुत्र्यापासून, असं तिला अगदी आतून वाटायचं.

शेवटच्या पिंजऱ्यात राखेच्या रंगाचा, एक कान मोडलेला कुत्रा फाटकाकडे तोंड करून ताठ बसला होता.

"हा हवालदार," मावशी म्हणाल्या. "दोन घरांतून परत आलाय. वागायला सोनं. चावत नाही, घाण करत नाही, औषध हातातून खातो. फक्त भुंकतो. कुणी नसतं तिथे बघून भुंकतो."

"भीतीने भुंकत असेल. त्यावर उपाय आहे."

"असेल बाई." मावशींनी आवाज खाली आणला. "लोक म्हणतात अपशकुनी आहे. दोन्ही घरांत माणूस गेलं."

धाकटी उसळलीच. "मावशी, ज्या घरात म्हातारं नाहीतर आजारी माणूस असतं, तेच लोक सोबतीला कुत्रा आणतात. त्यातलं एखादं माणूस जातं. त्यात या बिचाऱ्याचा काय दोष?"

"माझं काही म्हणणं नाही. पण तिसऱ्यांदा परत आला तर कमिटी ठेवणार नाही, एवढं ध्यानात ठेवा. जागाच नाही. मरणाची सुई देतात."

घरी दादा दारातच उभा होता. "आल्या विलायती डॉक्टरीणबाई! घरात एक पेशंट कमी होता का?"

"दोघंही माझ्यावर सोपव आणि तू कामावर जा."

"पंधरा दिवस," दादा बोट नाचवत म्हणाला. "आईला दचकवायचं नाही असं सर्जननी बजावलंय. पंधरा दिवसांत हा गप्प झाला नाही तर मी स्वतः सोडून येणार. मग रडायचं नाही."

पहिले दोन दिवस हवालदाराने घराची मोजदाद केली. कानात औषध घालून घेतलं, पंजातले दोन गोचीड काढून घेतले, आंघोळीला तेवढा कुरकुरला. आईच्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत एक अरुंद पॅसेज होता, बरोबर पंधरा फरश्यांचा. त्याने आपली जागा आईच्या उंबऱ्यावर ठरवली, बाहेर तोंड करून. कुणी पॅसेजमधून आलं की तो उठून भिंतीला चिकटायचा, माणूस पुढे गेलं की पुन्हा आपल्या जागी बसायचा.

"घरात एवढे शिष्टाचार फक्त यालाच येतात," आई पलंगावरून म्हणाली. "दादाला जरा शिकव म्हणावं."

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी आईला रोज या पॅसेजमध्ये चालायला सांगितलं होतं. आई भिंतीला धरून पंधराच्या पंधरा फरश्या पार करायची, बाहेरच्या दाराला हात लावायची आणि शर्यत जिंकल्यासारखी परत यायची. वहीत उजव्या पानावर आईची नाडी, गोळ्या आणि चाललेल्या फरश्या. डावं पान हवालदाराचं.

बुधवारी दुपारी पावणेचारला तो पहिल्यांदा भुंकला.

बाहेर लख्ख ऊन होतं. दादा कामावर, आई पडलेली, धाकटी स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. आवाज असा आला की तिच्या हातातलं फडकं गळून पडलं. ती धावत आली. हवालदार उंबऱ्यावर चारही पाय रोवून उभा होता. पाठीवरचे केस उभे, ओठ मागे ओढलेले, नजर पॅसेजच्या पार टोकाला, पंधराव्या फरशीवर. तिथे काही नव्हतं. बंद दार, पायपुसणं आणि दाराच्या काचेतून आलेला उन्हाचा चौकोन.

दहा मिनिटं तो भुंकत राहिला. मग थांबला, दोनदा अंग झटकलं, बसला.

"घाबरलीस?" धाकटीने आईला विचारलं.

"छे गं. उलट बरं वाटतं. कुणीतरी आहे राखायला."

पण नाडी शंभराच्या वर गेली होती. धाकटीने ते लिहून ठेवलं.

गुरुवारी पावणेचारला तोच प्रकार, तीच फरशी. शुक्रवारपासून तिने काम सुरू केलं. उपाय साधा होता, आणि शिकताना तिने तो शेकडो वेळा केला होता. कुत्र्याने त्या भीतीच्या जागेकडे बघितलं की तो भुंकायच्या आत, त्याच क्षणी, तोंडात तुकडा. बघितलं की तुकडा. हळूहळू त्याच्या मनात पक्कं होतं की ती जागा म्हणजे वाईट नाही, ती जागा म्हणजे चिकन. मग तो तिकडे बघतो आणि आपणहून वळून माणसाच्या तोंडाकडे बघतो. मारायचं नाही, ओरडायचं नाही.

"मला मेलीला अळणी पथ्याचं," आई म्हणाली, "आणि त्याला नुसतं बघितल्याबद्दल चिकन!"

"तूही बघ, तुला उकडलेला दुधी देते."

शनिवारी तो फक्त दोनदा भुंकला. रविवारी एकदाही नाही. त्याने टोकाकडे बघितलं, घशात थोडं गुरगुरला, मग वळून धाकटीकडे बघितलं. तिला आनंदाने ओरडावंसं वाटलं. एकच गोष्ट वेगळी होती. आज तो पंधराव्या नव्हे, तेराव्या फरशीकडे बघत होता.

तिला त्याचा अर्थ लगेच कळला, निदान कळल्यासारखा वाटला. भीतीची जागा जितकी जवळ सहन होते, तितका कुत्रा सुधारला. तिने डाव्या पानावर लिहिलं, 'अंतर १३. प्रगती!' आणि खाली दोन रेघा मारल्या.

सोमवारी अकरा. मंगळवारी नऊ. तो आता गुरगुरतही नव्हता. पावणेचारला उठायचा, पॅसेजमधल्या एका ठरावीक फरशीकडे बघायचा, मग तिच्याकडे, तुकडा घ्यायचा. बुधवारी, सातव्या फरशीकडे बघताना, त्याची शेपटी हलली.

घरात त्या वेळी एक वास यायला लागला होता. जुनी ट्रंक खूप वर्षांनी उघडावी तसा, ओलसर कापडाचा. धाकटीने गटार बघितलं, मोरी धुतली, हवालदाराचा टॉवेल उन्हात टाकला.

आई थकत चालली होती. रक्त तपासलं, कार्डिओग्राम काढला, सगळं ठीक. "काही दिवस चांगले, काही वाईट," डॉक्टर म्हणाले. पण चालणं कमी झालं.

"आज इथपर्यंतच," आई मध्येच थांबून म्हणायची. "पुढे नको वाटतं."

"दमलीस?"

"दमले असं नाही गं... पुढे जागा नाहीये."

शुक्रवारी दादा मुद्दाम लवकर आला. पावणेचारला तिघं श्वास रोखून बसली. हवालदार उठला, अगदी जवळ, चौथ्या फरशीकडे बघितलं, शेपटी हलवली, वळून धाकटीकडे बघितलं. तोंडातून चकार शब्द नाही.

दादाने हात जोडले. "मानलं बाई तुला. राहू दे पोरगा. चांगलं घर मिळेस्तोवर राहू दे. सुईबिई काही नको."

धाकटीने हवालदाराच्या मोडक्या कानात तोंड खुपसलं आणि रडली. एक जीव वाचला होता, एकही फटका न मारता.

रविवारी दुपारी तिने वही उघडली. मावशींना सगळं नीट लिहून पाठवायचं होतं, म्हणजे बाकीच्या कुत्र्यांनाही उपयोग होईल. डावं पान वाचता वाचता नजर उजव्या पानावर गेली.

डावीकडे हवालदार जिथे बघत होता ती फरशी. तेरा, अकरा, नऊ, सात, सहा, चार, दोन.

उजवीकडे आई जिथवर चालली त्या फरश्या. तेरा, अकरा, नऊ, सात, सहा, चार, दोन.

ती बराच वेळ त्या दोन पानांकडे बघत बसली. घड्याळात साडेतीन वाजले होते. फोन वाजला तेव्हा कुठे ती जागची हलली.

"काय म्हणतो हवालदार?" मावशींचा आवाज. मागे पिंजऱ्यांतला गलका. "भुंकतो ना अजून?"

"नाही. आठ दिवस झाले. एकदाही नाही."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला, गलका थांबला.

"मावशी?"

"पहिल्या घरात त्याला गॅलरीत बांधायचे, आत आवाज येऊ नये म्हणून. दुसऱ्या घरात तोंडाला जाळी घातली. दोन्ही घरांतून मला फोन आला होता. खूश होऊन... की आता गप्प झाला म्हणून. मग आठवड्याच्या आत दुसरा फोन, माणूस गेल्याचा. ताई, तो अपशकुनी नाही असं तुम्ही म्हणालात, ते मला तेव्हा पटलं नव्हतं. आता पटतंय. तो बिचारा... तो तर..."

धाकटीने पुढचं ऐकलं नाही.

आईच्या खोलीत तो वास दाटून राहिला होता. फ्रिजची घरघर, बाहेरच्या कावळ्यांचा आवाज, सगळं कापूस कोंबल्यासारखं लांब गेलं होतं. हवालदार उंबऱ्यावर नव्हता. तो भिंतीला चिकटून उभा होता. कुणीतरी आत जाताना वाट द्यावी, तसा.

"आलीस?" आईचा आवाज अगदी बारीक होता. ओठ निळसर. "त्या बाईंना बसायला दे काहीतरी... केव्हाच्या उभ्या आहेत."

"कोण बाई? आई, कोण?"

हवालदाराने पलंगाच्या पायथ्याकडे बघितलं. मग वळून धाकटीकडे बघितलं. शेपटी हलवली. तुकडा मागितला.

तिला काही दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त त्याची नजर, आणि न भुंकता नुसतं बघायचं हे तिनेच त्याला शिकवलं होतं.

"भुंक," ती म्हणाली. "हवालदार, भुंक! भुंक ना रे!"

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याने पलंगाच्या मध्यावर नजर टाकली आणि पुन्हा तिच्याकडे बघितलं. आईचा श्वास एकदा अडकला, सुटला, पुन्हा अडकला.

मग पाच वर्षं लांब शिकून आलेली ती मुलगी पलंग आणि त्या रिकाम्या जागेच्या मध्ये घुसली, हात जमिनीला टेकले आणि भुंकली. पहिला आवाज घोगरा, लाजल्यासारखा निघाला. दुसरा तिचा राहिला नाही. ओठ मागे ओढले गेले, घसा सोलून निघाला, ती भुंकत राहिली. डोळे मात्र हवालदारावर होते. त्याची नजर पलंगाच्या मध्यावरून पायथ्याकडे सरकली. पायथ्याकडून उंबऱ्याकडे. ती रांगत पुढे झाली. उंबऱ्यावरून पहिली फरशी. तिसरी. पाचवी. ती पॅसेजमध्ये आली, अजून भुंकत. सातव्या फरशीवर ती नजर थांबली, आणि कितीही भुंकली तरी पुढे जाईना.

मग हवालदाराने तिच्याकडे बघितलं. तो तुकड्यासाठी बघतोय असंच तिला वाटलं. त्याने नजर पुन्हा फरशीकडे नेलीच नाही.

आत आई खोकली. "अगं काय आरडाओरडा!" ती म्हणाली. आवाज तिचा होता. "पाणी दे जरा."

महिन्याभरात आई पंधरा फरश्या चालायला लागली, मग जिना उतरून कोपऱ्यापर्यंत. डॉक्टर म्हणाले, अशा वयात असं बरं होणं कमी बघायला मिळतं. हवालदाराला दुसरं घर शोधायचं कुणी नावही काढलं नाही. तो पुन्हा कधीच भुंकला नाही. दाराची बेल वाजली तरी नाही.

धाकटी घराघरांत जाऊन लोकांना कुत्र्यांबद्दल सांगते, अजूनही तितक्याच तळमळीने. मारू नका, बांधू नका, म्हणते. तो भुंकतोय म्हणजे काहीतरी सांगतोय, म्हणते. गप्प कसं करायचं हे कुणी विचारलं, तर मात्र ती विषय बदलते.

वही तिने ठेवली आहे. उजवं पान आता आईचं नाही, तिचं स्वतःचं आहे. घराचा जिना बावीस पायऱ्यांचा आहे. पूर्वी ती तो एका दमात चढायची. गेल्या आठवड्यात एकोणीस, मग सतरा. वय झालं म्हणावं तर ती अजून तिशीचीही नाही.

आणि रोज दुपारी पावणेचारला ती स्वयंपाकघरातून आईला चहा घेऊन जाते, तेव्हा हवालदार पॅसेजमध्ये पडलेला असतो. तिला बघून उठतो आणि भिंतीला चिकटतो. ती पुढे जाते. पण तो लगेच खाली बसत नाही. आणखी दोन पावलांइतका वेळ तसाच अंग चोरून, शेपटी हलवत उभा राहतो, तिच्या मागून येणाऱ्याला वाट देत.

मग बसतो.