क्लॅरी व्होस्परच्या ट्रॅकवरची पावलं

विश्वास बसो न बसो, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. मी तिथे होते. जुलैच्या थंडीत (आमच्याकडे जुलै म्हणजे हिवाळा), भर दुपारी, लख्ख उन्हात.

व्हिक्टोरियातल्या मॅली भागात, गव्हाच्या शेतांपलीकडे क्लॅरी व्होस्पर राहायचा. शर्यतीचे ग्रेहाउंड कुत्रे तयार करायचा. कुत्र्यांचे हाल होत नाहीत ना, हे तपासणं माझं आणि डेसमंड टलीचं काम. आम्ही शर्यतवाल्यांचे नोकर नव्हतो. न सांगता जायचो, म्हणून कुणालाच आवडायचो नाही.

"आले बघा कुत्र्यांचे मामा-मामी!" क्लॅरी फाटकातच म्हणाला. "चहा घेणार, की त्यातही विष शोधणार?"

"आधी कुत्री दाखव," टली म्हणाला.

पिंजऱ्यांपाशी गेलो. हिरवट पडलेलं मांस. त्यावर वळवळणाऱ्या अळ्या. मुतात भिजलेली गोणपाटं. एका काळ्या कुत्रीच्या मांडीला जखम, आणि त्यावर चक्क डिझेल चोपडलेलं.

"औषधच आहे ते. माझा बाप स्वतःलाही तेच लावायचा."

"आणि म्हातारी झालेली कुत्री? कुठायत ती?" मी विचारलं.

"दिली चांगल्या घरी. सोफ्यावर लोळतायत मजेत."

तेवढ्यात...

मागच्या सरावाच्या ट्रॅकवर तार गुणगुणायला लागली.

नकली सशाला ओढत नेणारी तार. तो आवाज आला की ग्रेहाउंड पिसाळतो. उड्या मारतो, जाळी चावतो.

इथे... एकही भुंकला नाही.

सगळी कुत्री मागच्या भिंतीला चिकटली. काळी तर उभ्या उभ्या मुतली.

"मशीन कुणी लावलं?" मी विचारलं.

"मशीन केव्हाच विकलं मी." क्लॅरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुला... ऐकू येतंय?"

आम्ही ट्रॅककडे धावलो. तिथे तार नव्हतीच. नुसते गंजलेले खांब.

आणि मग... पावलं आली.

खूप पावलं. धापा. अंगाला घासून वारा गेला. त्याला ओल्या केसांचा वास होता. वाळूवर एकही ठसा उठला नाही.

पलीकडच्या वळणावर एकदम शांतता...

पुन्हा फेरी. पुन्हा त्याच जागी शांतता.

टली गाडीतून फावडं घेऊन आला. जमीन दगडासारखी होती. घामाने निथळत त्याने त्याच वळणावर खणलं. आधी वास आला. मग चुन्यात लडबडलेली हाडं. मग अर्धवट सडलेली डोकी...

एकालाही कान नव्हते.

शर्यतीच्या कुत्र्याची ओळख कानात गोंदलेली असते.

मागे कुणीतरी हसत होतं. क्लॅरी! जिवावरचं ओझं उतरल्यासारखा हसत होता.

"म्हणजे मी वेडा नाही! तुम्हालाही ऐकू आलं! चला, आता तरी चहा घ्या."

खड्ड्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

सुनावणीत त्याच्या वकिलाने विचारलं, "एवढ्या रानात नेमकं तिथेच का खणलंत?"

टली कधी खोटं बोलत नाही. त्या दिवशी बोलला. "माती भुसभुशीत होती."

क्लॅरीवर कायमची बंदी आली. पाळीव कुत्राही ठेवायचा नाही. तो गावात दोन खोल्यांत राहायला गेला. पुढच्या हिवाळ्यात शेजारणीची तक्रार आली... म्हातारा पोत्यांनी कुत्र्याचं खाणं आणतोय.

मी एकटीच गेले. तो निम्मा झाला होता.

"ये पोरी. तुला तरी कळेल."

स्वयंपाकघरभर भांडी मांडलेली. सगळी चाटूनपुसून साफ. मी पलंगाखाली बघितलं, न्हाणीघर बघितलं, कपाटं उघडली. एक केससुद्धा सापडला नाही.

"कुत्री कुठायत, क्लॅरी?"

"भूकच भागत नाही गं त्यांची..." तो कुजबुजला.

त्याची दया यायला हवी होती. मला किळसच आली. मी दाराकडे वळले...

मागे फरशीवर काहीतरी घासलं.

एक रिकामं भांडं भिंतीकडे सरकत होतं. जरा थांबायचं... पुन्हा सरकायचं. कुणीतरी आत तोंड घालून तळ चाटत असल्यासारखं.

'घरात कुत्रा नाही,' असं मी अहवालात लिहिलं.

ते खरं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही.