एकच पिशवी

चहा घ्या आधी. पहिलीच रात्रपाळी ना तुमची? मग ऐका. मामाची गोष्ट आहे. मामा म्हणजे आपल्या संस्थेच्या रक्तपेढीतला जुना तंत्रज्ञ. सुईला घाबरणाऱ्याला असा गोंजारायचा, की अख्खी शाखा त्याला मामाच म्हणायची. मी तेव्हा संस्थेची रुग्णवाहिका चालवायचो.

दोन वर्षं झाली. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. बाहेरगावचं रक्तदान शिबिर उरकून आम्ही परतलो, पिशव्या फ्रीजमध्ये लावल्या. मी फाटकाशी गाडीत पाय ताणले. मामा आत आवराआवर करत होता. रात्री दीडच्या सुमारास मोठ्या दवाखान्यातून फोन आला. अपघातातली बाई आहे, रक्त थांबत नाही, ओ निगेटिव्ह पाहिजे.

नेमकी तीच पिशवी नव्हती. मामाने शेजारच्या शहरातली शाखा उठवली. ते म्हणाले, निघतोच, पण पोचायला पहाट होईल.

"तोवर टिकली पाहिजे ना बाई," मामा पुटपुटला. फोन ठेवून वळला, तर काउंटरपाशी एक माणूस उभा.

"ती माझी बायको आहे," तो म्हणाला. "आमचा दोघांचा गट एकच. माझं घ्या."

पस्तिशीचा असेल. चेहरा पांढराफटक. मामाला वाटलं, धसका घेतलाय. एरवी अशा दात्याला त्याने हात जोडून परत पाठवलं असतं. पण तिकडे बाई हातची जात होती. त्याने त्याला खाटेवर निजवलं. हात बर्फासारखा गार. नाडी सापडेना. मग सापडली, की सापडल्यासारखी वाटली... हे मामाला कधीच सांगता आलं नाही.

पिशवी भरू लागली.

"दोन घ्या," तो म्हणाला.

"एका वेळी एकच घेतात हो. तुम्हालाही लागेल की."

"मला आता कशाला..."

"अहो, रक्त द्यायला आलात की रिकामं व्हायला?" मामा हसला.

तो नाही हसला.

सुई काढून मामा टेबलाकडे वळला. तपासण्या करायच्या होत्या. मागून आवाज आला, "तिला सांगाल? मी पुढं गेलो म्हणून. चिडेल ती. नेहमी म्हणते, माझ्यासाठी थांबतच नाही तुम्ही."

"तुम्हीच सांगा की. गाडी जातेच आहे, बसा..."



मामा वळला. खाट रिकामी. दार बंद. कडी आतून. मामानेच घातलेली.

आणि मी फाटकाशी जागाच होतो. माझ्यासमोरून कोणी आत गेलं नाही. कोणी बाहेर आलं नाही.

रक्त जुळलं. मामाने पिशवी माझ्या हातात दिली, स्वतःही गाडीत बसला. त्या एका पिशवीवर बाई पहाटेपर्यंत तगली. मग पुढच्या पिशव्या आल्या.

दुपारी तिला शुद्ध आली. मामा तिच्या उशाशी गेला. सांगितलेलं सांगणं भागच होतं.

"तुमचे मालक म्हणाले... मी पुढं गेलो."

तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. पण तिला कळलं.

"या वेळी तरी थांबायचं होतं," एवढंच म्हणाली. आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाहेर नर्सने आम्हाला सांगितलं. त्याच अपघातात नवरा जागच्या जागीच गेला होता. रात्री नऊलाच शवागारात ठेवला.

मामा हट्टाने तिकडे गेला. मी त्याचा दंड धरून. शिपायाने चादर बाजूला केली.

तोच.

डाव्या कोपराच्या आत सुईची एक खूण. भोवती रुपयाएवढं काळंनिळं. मेलेल्याला टोचलं तर असं होत नाही, पोरांनो. त्याला रक्त फिरतं असावं लागतं.

"मीच ठेवलाय याला," शिपाई म्हणाला. "हे काल नव्हतं..."

मामाने त्या डागावर अंगठा टेकवला, सुई काढल्यावर दात्याच्या हातावर टेकवतात तसा. हलकेच. आणि बराच वेळ दाबून धरला.